ढवळीचं दावं

३१ ऑगस्ट, रविवार

परत नवी गाडीच! सकाळी चहा आणि गाडी. दुपारी ह्यांचा हात वरणभातात, डोळे मोबाइलवर — कुठलातरी पोरगा ओरडून ओरडून डिकी उघडून दाखवतोय. "बघ, बघ, सहा एअरबॅग!" मी म्हटलं, वरण निवतंय.

आमची जुनी गाडी, ढवळी, अजून चांगली चालते. पांढरी म्हणून ह्यांनी ढवळी नाव ठेवलं. वालूरला ह्यांच्या वडिलांची गाय होती त्या नावाची. अठरा वर्षांत तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही. बिघडलंय ते गाडीचं नाही, ह्यांच्या डोळ्यांचं. मार्चमध्ये नांदेडच्या डॉक्टरांनी दोघांच्या समोर सांगितलं — काचबिंदू आहे, उजव्या बाजूची नजर गेली, गेली ती परत येत नाही, गाडी बंद करा. जिना उतरताना हे म्हणाले, "रात्रीची बंद करा म्हणले." तिथंच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. आणि नांदेडहून गंगाखेडपर्यंत गाडी ह्यांनीच आणली! मी शेजारी बसून गप्पा मारल्यासारखं उजवीकडचं सगळं सांगत आले — ट्रॅक्टर आला बघा, किती म्हशी, अगबाई शाळा सुटली वाटतं.

साठ-साठ पोरांच्या वर्गाला मी एका आवाजात गप्प केलंय. ह्या एका माणसापुढं तोंड उघडत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज थोडक्यात निभावलं.

बाजारातून येताना कोपऱ्यावर ह्यांनी उजवीकडं वळवली आणि धाडकन आवाज. बायनाबाईचा भाजीचा गाडा! वांगी रस्ताभर. हे म्हणाले, "दगड होता वाटतं." आणि तशीच पुढं नेली. घरी आल्यावर मी पिशवी विसरली म्हणून सांगितलं आणि परत चालत गेले.

बायनाबाई वांगी वेचत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वांग्याचं काय न्हाई बाई," म्हणाली, "पर हितं माझी नात बसली व्हती. आत्ताच पाणी प्यायला उठली." मग म्हणाली, "सायबाला दिसत न्हाई का वो?"

मी म्हटलं, "दिसतं. ऊन डोळ्यावर आलं."

ऊन पाठीमागं होतं. तिलाही ते दिसत होतंच की! पैसे घेईना, बळंच पदरात टाकले. ठेचाळलेली वांगी घेऊन आले. कोपऱ्यावर ती पोरगी उभी होती, तोंड पुसत. पाच-सहा वर्षांची असेल. तिच्याकडं बघवेना मला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. जुन्या पोरापोरींचे फोन. दोन्ही वेळा वांगी. हे म्हणाले, "लय गोड हायत गं." मी ताटातून मान वर केली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. देवासारखा धावून आला!

आयुष्यभर विज्ञान शिकवलं. ग्रहणात वर्गाला बाहेर काढून सूर्य दाखवला, गरोदर बायकांच्या सासवांशी भांडले. आणि आज मीच म्हटलं, "पितृपक्षात गाडीचं नाव काढायचं नाही हं. नवी बघायची नाही, जुनी बाहेर काढायची नाही. पितरांना चालत नाही." म्हणताना माझं मलाच हसू येत होतं. वाटलं, हे टिंगल करतील.

हे म्हणाले, "बरं."

नुसतं बरं! सकाळी ढवळीवर कव्हर घातलं. दूध आणायलासुद्धा पायी गेले. पितरांचा धाक माझ्यापेक्षा जास्त आहे म्हणायचा. असो. आता अमावस्येपर्यंत तरी कोणाची नात माझ्या जिवाला घोर लावणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

शंतनुचा पुण्याहून फोन. "आई, ह्या वयात कशाला कार? लागेल तेव्हा मागवायची." म्हटलं, बाळा, गंगाखेडला मागवल्यावर ऑटो येतो, तोही ऑटोवाल्याची जिलबी खाऊन झाल्यावर. "मग बाबांना स्पष्ट सांग ना." तू सांग की! तर म्हणतो, "मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल." म्हणजे मी सांगितलं तर गोड वाटेल.

खरं सांगायचं तर भीती वाईट वाटण्याची नाही. रिटायर झाल्यावर पाटबंधाऱ्याचं हापिस गेलं. मग शेत वाट्यानं दिलं. मग दात, मग गोड खाणं, मग भिशीतले दोन मित्र. एक-एक करून सगळं हातातून गेलं. गाडी तेवढी राहिली. ती कोणी काढून घ्यायची? बायकोनंच?

१७ सप्टेंबर, बुधवार

राजेश्री आमच्या फाटकाशी गाडी थांबवून ह्यांच्याशी तासभर बोलत होती. तिचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे, फक्त बायकांसाठी. माझी विद्यार्थिनी. विज्ञानात काठावर पास, पण हात धीट. मी बाहेर आले की हे दोघं गप्प. "काय चाललंय?" विचारलं तर हे म्हणाले, "क्लचप्लेटचं बोलायलो." म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळाला. बोलू दे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. माझे पितर संपले.

त्यातून पेपरात आलं, कर कमी झाला, आजपासून गाड्या स्वस्त. सरकारलाही आत्ताच सुचलं! हे सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "परभणीला जाऊ. एसटीनं. कशाला उगं पेट्रोल जाळायचं." मला हायसं वाटलं. लाखांची गाडी घ्यायला निघाले आणि पेट्रोल वाचवतात. असू दे, असला चिक्कूपणा रोज करा म्हणावं.

शोरूममध्ये सूर्यभान नावाचा पोरगा — गळ्यात टाय, पायात चप्पल, पावसामुळं. माणसं अशी की लग्नघर. ह्यांनी निवडली ती ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर नाही. दहा वर्षांपूर्वी हेच म्हणायचे, "ती काय गाडी हाय? पाळणा हाय!" मागं काय आहे ते पडद्यावर दिसतं, बाजूला काही आलं की टुकटुक वाजतं. म्हणजे मनात कुठंतरी माहीत आहे ह्यांना. यंत्राचं टुकटुक ऐकतील, बायकोचं नाही.

मला म्हणाले, "तू बसून बघ." बसले. "तिकडं नाही, इकडं." स्टिअरिंगकडं. "पदर दारात अडकतो का बघ. गुडघा वाकतो का? पाय पुरतात का?" सूर्यभान हसत होता. मला कसंतरीच झालं, सगळ्यांपुढं खेळण्यातल्या बाहुलीसारखं. "पुरतात, पुरतात," म्हटलं आणि उतरले. गुडघा मात्र दुखला नाही. ढवळीत दुखतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. लाइट नाही. हे रंगाचा कागद खिडकीशी धरून बघतायत. डोकं उजवीकडं वळवून, कोंबडीसारखं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी सही केली.

बँकेत ह्यांचं वय विचारलं. बहात्तर. मॅनेजर पोरगा मान हलवून म्हणाला, "सरांच्या नावावर जमणार नाही. मॅडमची पेन्शन आहे, मॅडमच्या नावावर करू." वाटलं, सुटले! मी नाही म्हटलं की संपलं. ना कर्ज, ना गाडी. बाहेर येऊन सांगायचं, बँकच ऐकत नाही हो. किती सोपं!

तेवढ्यात हे म्हणाले, "गाडीपण तिच्याच नावावर करा." मॅनेजर म्हणाला, तशी गरज नाही सर, चालेल तुमच्या नावावर. "न्हाई. तिच्याच." आणि मग माझ्याकडं वळून, त्या सगळ्या रांगेपुढं, "प्रभा, सही कर. दुसरं काही मागत नाही."

लोकांत ह्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. अगं, ऐकलं का, शंतनुची आई. मी पेन घेतलं. जिथं-जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. थकले होते. भांडायचं आता अंगात नाही, खरंच नाही.

रिक्षात बसल्यावर कळलं मी काय केलं ते. न दिसणाऱ्या माणसाच्या हातात मी गाडी दिली. माझ्या पेन्शनमधून. उद्या कोणाचं पोर चाकाखाली आलं तर कोर्टात काय सांगू, नावानं हाक मारली म्हणून?

२७ सप्टेंबर, शनिवार

कोणाशी बोलले नाही. बायनाबाईच्या कोपऱ्यावरून जायला नको म्हणून लांबच्या दुकानातून भाजी आणली. सडकी निघाली.

१ ऑक्टोबर, बुधवार

ढवळीचा शेवटचा दिवस. एक्स्चेंजमध्ये द्यायची. ह्यांनी धुतली, पुसली, टपावरून हात फिरवला. मी हळद-कुंकू लावलं. डोळ्यांत पाणी आलं, कशाला कोण जाणे — पत्रा तो!

संध्याकाळी सूर्यभानचा फोन. दोन्ही किल्ल्या आणा, एक नसली तर पैसे कमी होतील. हे म्हणाले, "एकच मिळंल."

"हरवली का सर?"

"हरवली न्हाई. देत न्हाई. जनावर विकलं तरी दावं देत नसतेत, बापा. दावं दिलं की गोठ्याची बरकत जाती."

तो पोरगा तिकडं हसला असणार. हे म्हणाले, कापा पैसे! माझे सासरेही तसंच करायचे, बाजारात गाय विकली की दावं सोडून खांद्यावर टाकून आणायचे. नवं जनावर आलं की तेच दावं त्याच्या गळ्यात. पण किल्लीचं दावं? मी डोक्याला हात लावला. ह्या माणसाला सहा एअरबॅग पाहिजेत आणि दावंही पाहिजे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आली गाडी.

सकाळी ढवळी चालवायला राजेश्री हजर! हे म्हणाले, "आज सणाचा दिवस. मी मालकावाणी मागं बसणार. जाताना-येताना दोन्ही वेळा तीच चालवील." मी मनात हात जोडले. एक दिवस तर टळला. उद्याचं उद्या.

येताना पोखर्णीला थांबलो. नृसिंहापुढं गाड्यांची ही रांग. पुजाऱ्यानं नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ह्यांनीच ठेवली, वाकून, चाचपडत. मग उजव्या पुढच्या चाकाशी उभं राहून मला विचारलं, "इथलं ठेवलं ना मी?" लिंबू ह्यांच्या बुटाजवळ होतं, पिवळंजर्द. मी म्हटलं, "ठेवलंय." हे नुसतं "हं" म्हणाले.

घरी आल्यावर मी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं. गाय आल्यावर सासूबाई करायच्या तसं. ह्यांनी खिशातून ढवळीची किल्ली काढली, नव्या किल्लीला लाल दोऱ्यानं बांधली आणि माझ्या हातात दिली. "धर दावं." मी देव्हाऱ्यात ठेवली. शेजारच्या माणिकरावांनी सोनं दिलं, म्हणाले, वहिनी, मजा आहे तुमची. मजा!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पेढे घेऊन शेवटी बायनाबाईकडं गेलेच. तोंड किती दिवस लपवणार?

तिनं पेढा नातीच्या हातावर ठेवला. म्हणाली, "बाई, एक सांगू का? रागावू नका. तुमी पैसे दिले ना त्या दिवशी, सांजच्याला सायबबी येऊन गेले. त्यांनीबी दिले. मी म्हणलं, दोन पेन्शनी हायत घरात, घ्यावं."

"हे आले होते? त्याच दिवशी?"

"पायीच आले की. हिला जवळ बसवून लय येळ बसले. जाताना म्हणले, बाईला सांगू नको. मी आजपून गाडीला हात लावायलो न्हाई."

कशी घरी आले मला आठवत नाही. त्याच दिवशी! म्हणजे पितृपक्ष, एसटी, पेट्रोल — सगळं माहीत होतं ह्यांना, आणि मी आपली पितर सांगत बसले. गोड वांगी! किती मनस्ताप करून घेतला मी महिनाभर. संताप संताप झाला. मग नवी गाडी कशासाठी घेतली? माझ्या पेन्शनचे हप्ते कोणासाठी? हे अंगणात काच पुसत होते. विचारायला म्हणून दारापर्यंत गेले. परत आत आले, कणीक मळली.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बघते तर गाडीच्या मागच्या काचेवर शिकाऊंचा लाल एल. ह्यांनीच चिकटवलेला, उजवीकडं पार उतरलेला. राजेश्री पुढं डावीकडं बसलेली, हे मागं. स्टिअरिंगची जागा रिकामी. "आज नुसतं शाळेच्या मैदानात, बाई," राजेश्री म्हणाली, "लायसन्सचं सोमवारी करू." सहासष्टाव्या वर्षी! घरात कमी कामं होती म्हणून हे एक माझ्याच गळ्यात! तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दावं आण. उजवीकडचं तू बघ. डावीकडचं मी सांगत जातो." देव्हाऱ्यातून किल्ली आणली. चप्पल काढून स्टिअरिंगपुढं बसले.