झोपेत शिकवलेली गाडी

ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनाही नमस्कार सांग. आम्ही लेकाकडून सुखरूप परतलो. तिकिटं त्याने काढली, खाणंपिणं सूनबाईंनी पाहिलं, म्हणून आमची परदेशवारी फुकटात झाली असं तू चारचौघांत सांगतेस (माझ्या कानावर आलंय). खरा खर्च ऐक: माझी झोप तिकडेच राहिली. दिवस उजाडला की डोळे मिटतात आणि दिवे मालवले की मी टक्क जागा.

सूनबाई डॉक्टर. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, तुमच्या शरीरातलं घड्याळ अजून विमानातून उतरलेलं नाही. सकाळी ऊन घ्या, दुपारी आडवं व्हायचं नाही, जेवण तिथल्या वेळेला, दुपारनंतर चहा बंद.” ऊन घ्यायला गॅलरीत बसलो आणि उन्हातच झोपलो, एक गाल भाजला. हिने चहाचा डबा लपवला (कुठे ते मला वासावरून कळलं, पण संसार टिकवायचा असतो).

आता तुला ठाऊकच आहे, लोकांच्या गाड्या धुण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं ते या गळ्याच्या जोरावर. माझा ओरडा खाल्ल्याशिवाय माझ्याकडच्या कुणाला आजवर लायसन्स मिळालेलं नाही. सध्या एक दातांची डॉक्टरीण शिकतेय. परीक्षेत दोनदा आपटली. नव्या दवाखान्यातली नोकरी तिला लायसन्सच्या अटीवर मिळालीय, कारण तिथे बस जात नाही. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारी बाई, पण मी “क्लच!” म्हटलं की स्टिअरिंग सोडून कानांवर हात ठेवते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो, काळा चष्मा चढवला, पट्टा लावला आणि गेलो. जाग आली तेव्हा गाडी आमच्याच दारात, कचऱ्याचा डबा आणि शेजाऱ्यांची स्कूटर यांच्या मधोमध, आखल्यासारखी उभी (डबा आणि स्कूटर दोन्ही शाबूत).

“सर, आज तुम्ही एक शब्द बोलला नाहीत,” तिचे डोळे भरून आले होते. “म्हणजे जमलं ना मला?”

मी गंभीरपणे मान हलवली. हिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. “काय शिकवलंत हो आज! तोंड उघडं आणि आवाज बंद!”

सूनबाईंचे उपाय नेमके त्याच रात्री लागू पडले. गाढ झोपलो, सकाळी टवटवीत उठलो आणि परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. ती झकास निघाली. वळणावर मला राहवेना. “क्लच!” गाडी जागच्या जागी बंद. तिसऱ्यांदा नापास. परीक्षक म्हणाला, “साहेब, परीक्षा त्यांची होती.” ती मात्र एवढंच म्हणाली, “सर, ते कालचं पुन्हा नाही का जमणार?” दवाखाना आणखी एका परीक्षेपर्यंत थांबणार आहे, मग जागा दुसऱ्याला.

तुझा,
भाऊ

ता. क. माझं घड्याळ आता चोख लागलंय, हेच दुखणं आहे. जागेपणी मला गप्प बसता येत नाही. तेव्हा दाजींना आठवडाभर माझ्या जागी बसायला पाठव. तुमच्या लग्नापासून त्यांचा आवाज मी एकदाच ऐकलाय, तोही शिंकेचा. गाडी येत नसली तरी चालेल, ब्रेक कुठला ते मी दाखवीन. त्यांना विचारत बसू नकोस, उत्तर यायचं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट टपालात टाकायचं आठवडाभर राहूनच गेलं. दाजींना पाठवू नकोस. परीक्षा आज सकाळी होती. मला जाग आली नाही. ती पास झाली.