पाय गरम होता

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून लखनौतच आहे. आई माझ्याजवळ अलीगंजला असते. तिला आता कमी ऐकू येतं, पण रस्त्यावरून टापांचा आवाज आला की तेवढा तिला बरोबर कळतो. माझी मुलगी तिच्याशी हिंदीत बोलते, आई तिला साताऱ्याच्या मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं काही अडत नाही. मी घोड्यांची डॉक्टर झाले. रेसच्या दिवशी सकाळी प्रत्येक घोड्याचे पाय माझ्या हाताखालून जातात, आणि मी नको म्हटलं तर तो घोडा त्या दिवशी पळत नाही. मालक चिडतात, वर फोन करतात, मी ऐकून घेते. हे सगळं तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती सांगायला बसले आहे. पण ती सांगायची तर आधी ते बोलावं लागेल, जे आपण दोघं एका घरात राहून कधीच बोललो नाही.

तुम्ही फौजेतून रिसालदार म्हणून निवृत्त झालात आणि गावी परतायचं सोडून इथेच एका मालकाचे सहा रेसचे घोडे तयार करायला घेतलेत. मी तेव्हा दहा वर्षांची. तबेल्यामागच्या रिंगणात तुम्ही एका शिंगराला खोगिराची सवय लावत होता. दोन वर्षांचंही नव्हतं ते, पाठीवर काही ठेवू देत नव्हतं. मला ते आजही समोर दिसतं. तुम्ही त्याचा एक पुढचा पाय दुमडून बांधला आहे आणि त्याला आदल्या दिवसापासून पाणी दिलेलं नाही. ते तीन पायांवर उड्या मारतं, तुम्ही वेताची काठी त्याच्या पोटावर ओढता, ते पडतं. उठतं, पुन्हा काठी, पुन्हा पडतं. त्याच्या नाकातून आलेलं रक्त वाळूत मिसळून काळं दिसतं. तिसऱ्यांदा पडल्यावर ते उठायचं थांबतं, आणि तुम्ही त्याच्या मानेवर बसून विडी पेटवता. मी कुंपणाच्या बांबूला धरून उभी आहे आणि चड्डी ओली झाली आहे हे मला घरी गेल्यावर कळतं.

त्या दिवशी आई तापानं झोपून होती. तुम्ही स्वयंपाकघरात बसून बाजरीचं पीठ मळत होता, बोटांची सालं निघालेली, आणि भाकऱ्या मात्र आईपेक्षा गोल. मी ताटाला हात लावला नाही. तुम्ही विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, तुम्ही त्याला मारलंत. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत आणि न ओरडता म्हणालात, "घोडा घाबरला की पळतो. तो पळतो म्हणून आपल्या घरात पीठ येतं. खा." मी खाल्ली. आबा, ती भाकरी चांगली झाली होती, आणि ते मला कितीतरी वर्षं लागून राहिलं.

तरीही मला त्याच धंद्यात जायचं होतं. पशुवैद्यकीय कॉलेजात नाव लागलं तेव्हा तुम्ही चौकातल्या दुकानातून स्टेथोस्कोप आणलात आणि तो माझ्या हातात न देता जेवणाच्या टेबलावर ठेवून बाहेर निघून गेलात. शाबासकी द्यायची तुमची तीच रीत होती. शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी होते. रेसच्या दिवशी सकाळी धुक्यात तुम्ही मला तबेल्यात बोलावलंत. तुमची कुमैत, काळसर तांबड्या रंगाची घोडी पळणार होती आणि आदल्या आठवड्यात तिचा डावा पुढचा पाय थोडा सुजला होता. घोडीची निगा राखणारा साईस उभा होता, जॉकी उभा होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "डॉक्टरीणबाई, पाय बघा जरा." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला तसं म्हणालात. मी खाली बसले. गुडघ्याखालच्या शिरेवरून हात फिरवला. पाय गरम होता. फार नाही, पण दुसऱ्या पायापेक्षा नक्की जास्त. मी वर पाहिलं तर तुम्ही हसत होता. मी म्हटलं, ठीक आहे, थंड आहे.

शेवटच्या वळणावर मी कठड्याला लागून उभी होते. घोडी तिसरी होती. तुम्ही जॉकीला बजावलं होतं की त्या वळणावर हात थांबवायचा नाही, आणि तो थांबवत नव्हता. चाबूक दर उडीला पडत होता. मग ऊस मोडल्यासारखा आवाज आला. पाय मोडला तरी ती पळत राहिली, आबा. खालचा तुकडा कातड्याला लोंबकळत होता आणि ती मोडक्या हाडावर टाप टाकत होती. जॉकीला कळायच्या आत त्याचे आणखी दोन फटके पडले. मग ती तोंडावर कोसळली, तो पुढे फेकला गेला, मागून आलेला घोडा त्याच्या खांद्यावरून गेला. ती पुन्हा उठली. तीन पायांवर उभी राहून गर्दीकडे बघत राहिली, जणू कुणीतरी येईल. मैदानावरच्या डॉक्टरनं तिच्या कपाळाला पिस्तूल लावलं. तिनं मान झटकली आणि पहिली गोळी डोळ्याखालून गेली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यानंतर कुठल्या जनावराकडून ऐकला नाही. तुम्ही धावत आलात, पिस्तूल हिसकावलंत, डाव्या हातानं तिचं कपाळ धरलंत आणि काम संपवलंत. तुमचा सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता.

आणि मग तुम्ही पडलेला चाबूक उचलून जॉकीकडे गेलात. त्याला अजून स्ट्रेचरवरही घेतलं नव्हतं, खांदा निखळला होता, आणि तुम्ही त्याला मारत होता. तो फक्त म्हणत होता, "साहब, आपने ही कहा था।" लोक तुम्हाला धरायला कचरत होते. मी मध्ये पडले आणि म्हटलं, "आबा, पाय गरम होता. मला सकाळीच कळलं होतं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग चाबूक माझ्यावर चालवलात. एकच फटका, कानापासून खांद्यापर्यंत. वळ फुटून रक्त आलं. तुम्ही चाबूक टाकलात, माझ्या अगदी जवळ आलात आणि दबक्या आवाजात मराठीत म्हणालात, "हे पुन्हा कुणापुढं बोलायचं नाही."

चौकशी झाली तेव्हा तुम्ही सांगितलंत, "पाय मी स्वतः तपासला होता, गरम होता, तरी घोडी शर्यतीत उतरवली." तुमचं लायसन्स गेलं. मालकानं घोडे काढून नेले. तुम्ही दोन वर्षं घराच्या ओट्यावर बसून काढलीत आणि एका दुपारी बसल्याजागी गेलात. मला डिग्री मिळाली. आईला मी आजवर काही सांगितलेलं नाही. ती समजते की तुमच्या हट्टानं घोडी मेली.

नंतरची वीस वर्षं मी जे केलं ते बहुतेक त्या एका सकाळचं देणं म्हणून केलं असेल. आता इथे शिंगरांना तसं बांधत नाहीत. दोन-दोन महिने हातानं चोळून, चुचकारून खोगिराची सवय लावतात. यासाठी मी जुन्या साईसांशी भांडले, तेव्हा ते म्हणाले, रिसालदार साहब की बेटी होकर ऐसी बात? शर्यतीत किती फटके मारायचे याला मर्यादा घालून घेतली. आणि पळायचं थांबल्यावर घोडा कुठे जातो, याचा कागद करायला लावला. प्रत्येक घोड्याच्या कागदावर मी सही करते की तो चांगल्या घरी गेला. खूप मिरवलं मी या कागदाबद्दल.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, अलीगंजच्या चौकात लग्नाची एक बग्गी अडली होती. घोडा डांबरावर गुडघे टेकून बसला होता, गुडघ्यांची कातडी निघून आत पांढरं दिसत होतं. बग्गीवाला त्याला तोंडावर चाबकानं मारत होता. बँड वाजतच होता. मी स्कूटर तशीच टाकून धावले. मांडीवरचा डाग पाहिला, कपाळावरचा तिरका पांढरा पट्टा पाहिला आणि घोडा ओळखला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कागदावर मी सही केली होती. ते घर मी पाहिलं नव्हतं. दलालानं सांगितलं, शेतावर राहील, मजेत राहील, आणि त्या दिवशी आणखी चार कागद समोर होते.

मी बग्गीवाल्याच्या हातातून चाबूक ओढून घेतला आणि त्याला मारलं. किती वेळा ते मोजलं नाही. त्याचा कान फाटला. तो खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेतले, तरी मी थांबले नाही. शेवटी बँडवाल्यांनी मला मागून धरलं. त्या माणसानं तोंडावरचं रक्त पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "मैडम, आप लोगों ने तो इसे निकाल दिया था। तीन साल से चारा मैं डाल रहा हूँ।" भोवती माणसं होती, सगळी त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि आबा, मारताना मला बरं वाटलं होतं. तुम्ही जॉकीला का मारलंत ते मला त्या क्षणी समजलं. त्याला मारत असेपर्यंत आपल्याला कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. एक खोली, त्याला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये ओला हिरवा चारा पडलेला. त्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली, पण ती स्वतः उंबऱ्यातच उभी राहिली. मी माफी मागितली आणि घोडा घेऊन जाते म्हटलं. तो नाही म्हणाला नाही. आता घोडा माझ्या दवाखान्यामागे आहे. पहिले चार दिवस त्यानं माझ्या हातून काही खाल्लं नाही, तेव्हा मी बग्गीवाल्याला बोलावून घेतलं. आला, कानाला पट्टी होती, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि भिजवलेले चणे भरवले. मी दाराशी उभी राहून पाहत होते. आता तो रोज येतो. मी त्याला कामावर ठेवलं आहे. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही.

काल रेसकोर्सच्या कमिटीची बैठक होती. मी त्या घोड्याचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की सही माझी आहे, घर मी पाहिलेलं नव्हतं. एक जुने सदस्य म्हणाले, छोड़िए मैडम, घोड़ा आपके पास आ गया, बात ख़त्म। मी म्हटलं, हे नोंदीत लिहा. लिहिलं. माझी सहीची जबाबदारी सहा महिन्यांसाठी काढून घेतली, आणि यापुढे प्रत्येक घोड्याचं नवं घर दोघांनी जाऊन पाहायचं, वर्षातून दोनदा पुन्हा जायचं, असं ठरलं. मग चहा आला. कुणी आवाजही चढवला नाही. मी कप हातात धरून बसले होते आणि कुणीतरी उठून माझ्या तोंडात मारावी असं मला वाटत होतं.

हे मी कुठे पाठवणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. पण एक तुम्हालाच सांगते. इतकी वर्षं प्रत्येक अवघड दिवशी मला वाटत आलं की आबा असते तर बरं झालं असतं. काल पहिल्यांदा, तुम्ही त्या खोलीत नव्हता याचं मला बरं वाटलं. तुम्ही असता, तर मी तोंड उघडायच्या आत उठून म्हणाला असतात, "सही माझी आहे."