बंद दारामागची काशी

नागपूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

ती. भैय्याजींच्या पायांशी वामनचा नमस्कार (सध्या एकच पाय वाकतो, तेव्हा जमेल तेवढा). इंदूवहिनींचा खोकला आणि तुमच्या काशीची थंडी, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहो. आम्ही म्हणजे तुमची बहीण शामला. माझं पुढे येईल.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही आम्हाला घ्यायला स्टेशनावर आलात, गाडी रिकामी झाली तरी उभे राहिलात, आणि घरी गेल्यावर माझी तार मिळाली की पाय मोडला, येत नाही. तारेत हकिकत मावत नाही, म्हणून हे पत्र. तुमची बदली काशीला झाल्यापासून शामलेनं गंगेचा ध्यास घेतला होता. (या बाईनं आजवर वर्ध्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही.) दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, कधी माझ्या सदर भागातल्या कचेरीतलं ऑडिट, कधी नात्यातलं बाळंतपण. यंदा मात्र रजा मंजूर झाली, दशम्या झाल्या, गल्लीतल्या बायकांनी तिची ओटी भरली, शेजारच्या रुखमाबाई तर गळ्यात पडून रडल्या. गाडी पहाटेची, म्हणून रात्रीच सगळ्यांचा निरोप घेऊन दार लावलं आणि माळ्यावरचा होल्डॉल काढायला मी स्टुलावर चढलो. पुढचं तुम्ही ताडलंच असेल. मागच्या बोळातून मला रिक्षात घालून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्याच वाटेनं प्लास्टरसकट परत आणलं.

आता पंचाईत अशी, की ओटी भरून घेतलेल्या बाईनं गल्लीला तोंड कसं दाखवावं? शामला रडली नाही. (रडली असती तर परवडलं असतं.) दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुढच्या दाराची कडी पुन्हा एकदा तपासली, माझ्याच खाटेवर होल्डॉल पसरला आणि म्हणाली, "आपण गेलोच आहो, असं समजा. सरका तिकडे, मले खिडकी पाहिजे."

खिडकी बंदच ठेवायची होती, तरी तिच्यावरून आमचं इटारसीपर्यंत भांडण झालं. गाडी स्टेशनात उभी असताना मोरीकडे जायचं नाही, हा रेल्वेचा नियम तिनं मला लागू केला, आणि आमची गाडी नेमकी माझ्या अडचणीच्या वेळी जबलपूरला थांबून राहायची. कुल्हड नव्हते म्हणून दिवाळीच्या पणत्यांतून चहा मिळाला. (पाच-सहा पणत्या प्याल्याशिवाय चहा प्याल्यासारखं वाटत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो.) सतना आलं तेव्हा ती "चाय गरम!" म्हणून चांगली मोठ्यानं ओरडली आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत बसली. काशीला तर न्हाणीत बसवून, प्लास्टरवर थेंब पडू न देता, तिनं मला गंगास्नान घातलं. भैय्याजी, खरं सांगतो, लग्नानंतर आम्ही दोघांनीच असा प्रवास कधी केला नव्हता. मला फार मजा आली.

पण घरातली तूरडाळ संपली आणि यात्रा आटोपती घ्यावी लागली. शामलेनं दार उघडलं, तर ओट्यावर रुखमाबाई. त्यांनी थेट तिचे पाय धरले. "आली वं माय शामला! गंगा पाह्यली तुह्या डोयानं, धन्य झाली तू!" मग माझ्याकडे पाहून हळहळल्या, "भाऊजी घाटावर घसरले वाट्टे. लय शेवाय असते म्हने तिथी." मी खरं सांगणारच होतो. पण स्टुलावरून पडण्यापेक्षा घाटावर घसरणं केव्हाही बरं दिसतं, म्हणून मान हलवली. माझी मान हललेली पाहून शामला बारीक आवाजात म्हणाली, "मावंदं महाशिवरात्रीले करू."

मावंदं म्हटलं की यात्रेहून परतल्याचं गल्लीला जेवण आलं, गंगापूजन आलं, घरोघर गंगा वाटणं आलं. आमच्याकडे गंगा आहे ती कॉर्पोरेशनच्या नळाची. तेव्हापासून शामला नळाखाली हंडा लावते आणि त्याकडेच पाहत बसते. "खेळ होता तवरिक ठीक होतं," म्हणते, "आता कोनाच्या मरत्या मानसाच्या तोंडात नळाचं पानी घालू का?"

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
खाटेवरचा यात्रेकरू,
वामन

ता. क. : कोणी इकडे येत असेल त्याच्याबरोबर झाकणाला डाग देऊन बंद केलेला गंगेचा गडू महाशिवरात्रीच्या आत पाठवावा. पत्र त्यासाठीच लिहिलं. वरचं सगळं प्रास्ताविक समजावं.

दुसरा ता. क. : गडू पाठवू नका. पत्र पेटीत टाकायला शामलेकडे दिलं, तिनं ते वाचलं आणि तशीच उठून रुखमाबाईंना सगळं खरं सांगून आली. त्या आधी रागावल्या, मग पोट धरून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "म्या तरी कुठी पाह्यली वं गंगा? चाल, दोघी जाऊ!" दोघी पुढच्या शुक्रवारी निघून राहिल्या आहेत. मी म्हटलं, प्लास्टर निघेपर्यंत थांब. तर म्हणाली, "तुमी जाऊन आले नं एकडाव." मागे रुखमाबाईंचे यजमान नत्थूजी आणि मी. दोघांपैकी कोणालाही वरण येत नाही.

तिसरा ता. क. : पुन्हा एकदा स्टेशनावर याल ना? आणि गंगा कशी आहे ते मला लिहू नका. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा शामलेचं तोंड कसं झालं, तेवढं मात्र सविस्तर लिहा.