स्वागताला पुसलेला लॅपटॉप

रविवार, १६ फेब्रुवारी

आज मंडळात नवीन माणूस! डिचोली संगणकप्रेमी मंडळात हे ग्रहणासारखं — क्वचित लागतं आणि सगळे बघायला जमतात. सुर्ल्याची विनिता. खनिजाच्या ट्रकांच्या ट्रिपी, म्हणजे खेपा, नोंदवायचं काम करते. लॅपटॉप फार हळू चालतो, एवढीच तक्रार. महिनाअखेरीला ट्रिपींचा तक्ता साहेबाला द्यावा लागतो. चुकलीस तर दुसरी मुलगी तयार आहे, असं तो अधूनमधून ऐकवतो.

अध्यक्ष गोकुळदास यांनी आधी स्वागताचा नारळ दिला, मग मंडळाचा इतिहास. जुन्या मोडेमच्या आवाजाची नक्कलही केली. सुर्ल्याची बस चुकेल म्हणून विनिता लॅपटॉप ठेवून निघून गेली. तिला वाटलं, दवाखान्यासारखं असेल. आहेच — फक्त इथे रोग कोणताही असो, ऑपरेशन एकच.

सोमवार, १७

ऑपरेशन झालं. गोकुळदास आणि योगेशने तिची विंडोज काढून फुकटातलं, हलकं लिनक्स घातलं. स्वागताची भेट! योगेश कॉलेजात हाच विषय शिकवतो. आतल्या फाइली आधी बाजूला काढल्या ना, मी विचारलं. योगेशने गोकुळदासांकडे पाहिलं. गोकुळदासांनी योगेशकडे.

मंगळवार, १८

विनिता आली. गोकुळदास म्हणाले, "बाय, आमी तुझ्या मशिनाक नवो जन्म दिलो."

तिने उघडून पाहिलं. एकेक फोल्डर धुंडाळलं. मग म्हणाली, "आनी आदल्या जन्मातल्यो ट्रिपी खंय गेल्यो?"

बुधवार, १९

पुसलेलं परत कसं आणावं, यावर मंडळात दोन तट. मतं भरपूर. फाइल एकही नाही.

शनिवार, २२

फाइली येणार नाहीत हे अखेर मान्य झालं. ऑफिसात ट्रिपींच्या कागदी पावत्या होत्या. विनिता त्या पोत्यात भरून घेऊन आली. पोतं पाहून प्रथमच कोणी भाषण केलं नाही.

मी टंकायला बसलो. दैनिकात आयुष्य गेलं. शुक्रवारी द्यायचं म्हणजे शुक्रवारी, ही भाषा मला कळते. गोकुळदास एका बोटाने टंकतात, तेही विचार करून. योगेशने पावत्या आपोआप वाचणारा प्रोग्राम लिहायला घेतला. विनिताने तो बंद करायला लावला. सर, तुम्ही नुसतं मोठ्याने वाचा, म्हणाली. तो वाचत बसला. चांगला वाचतो.

शुक्रवार, २८

तक्ता वेळेवर साहेबाकडे गेला. साहेब काही बोलला नाही — म्हणजे नोकरी राहिली. गोकुळदासांनी लगेच ग्रुपवर फोटो टाकला: 'मंडळाची नवागत भगिनीला तातडीची मदत'. आग आपणच लावायची आणि बंब घेऊन मिरवायचं!

रविवार, २ मार्च

विनिताचा फोन. योगेश शरमेने विंडोज परत घालून द्यायला निघाला होता. तिने नको म्हणून सांगितलं. लॅपटॉप आता वाऱ्यासारखा चालतो म्हणे. "पण गोकुळदासभाईंक सांगू नकात. नायतर आणखी कोणाचो तरी पुसतले."