पूर्ण समाधानी

जळगाव,
रविवार, दुपार

प्रिय चारू,

आखाजीच्या सणाला माहेरी गेलीस त्याला आज पाच आठवडे झाले. झोके सुटले, गौराई बोळवून झाली, आणि अमळनेर काही सातासमुद्रापार नाही, एस.टी. दीड तासात आणून सोडते. दीपक म्हणतो, तिच्या आईचा गुडघा दुखतो म्हणून ती थांबली आहे. तुझ्या आईचा गुडघा मी तुझ्या-दीपकच्या लग्नाच्या वरातीत नाचताना पाहिला आहे, त्यामुळे त्यावर माझा फारसा विश्वास नाही. फोन केला की तू म्हणतेस, बरं आहे आई, सगळं बरं आहे. तू परत येणार की नाही, हा घोर मला लागला आहे आणि फोनवर विचारायचं धाडस होत नाही. म्हणून हे लिहिते आहे. रागाने नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्यांदा ऑफिसची बातमी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या पतसंस्थेच्या इमारतीचं नूतनीकरण तू जायच्या आधीच संपत आलं होतं. तुझे सासरे गेल्यावर त्यांच्या जागेवर शिपाई म्हणून लागले, तेव्हापासून अकरा वर्षं मी त्या जिन्यांवर चहाचा ट्रे घेऊन चढउतर करते, पण असा थाट कधी पाहिला नव्हता. माणूस उठून गेला की आपोआप विझणारे दिवे, पाणी वाचवणारे नळ. जुनी सागवानी टेबलं भंगारात निघाली होती, ती घासूनपुसून परत मांडली, कारण जुनं वापरलं की मार्क मिळतात म्हणे. कशाचे मार्क, तर हरित इमारतीच्या प्रमाणपत्राचे. वीज, पाणी, उजेड, हवा, सगळ्याचे मार्क मोजून इमारतीला तारे देतात. आमच्या मॅनेजरांना, हितेंद्र साहेबांना, चार तारे आणि दारावर पितळी पाटी हवी होती, तीही वार्षिक सभेच्या आत.

तपासणीला रूपा मॅडम आली. मूळची धुळ्याची, नोकरीला पुण्यात. तिने भिंतींवर काडेपेटीएवढी पांढरी यंत्रं लावली, ती दिवसभराचं तापमान लक्षात ठेवतात. शिवाय प्रत्येकाला एक फॉर्म: इथे काम करताना उकडतं का, उजेड पुरतो का, हवा येते का. मार्क त्याचेही होते. साहेब स्वतः टेबलाटेबलापाशी जाऊन फॉर्म वाटत होते आणि माणसाचं लिहून होईपर्यंत तिथेच उभे राहत होते, काय, बरं आहे ना सगळं, असं विचारत. बेचाळीस फॉर्म आणि बेचाळीस जणांची एकाच रकान्यात खूण, 'पूर्ण समाधानी'. त्यात माझीही. माझ्या चहाच्या खोलीला खिडकी नव्हती, हे तुला माहीत आहेच.

घोळ असा झाला, की यंत्रांनी वेगळंच सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, जुन्या दप्तराची खोली आहे. ते दप्तर झुलालभाऊ सांभाळतात. दुपारी तीनला तिथे एकोणचाळीस अंश, आणि झुलालभाऊ डोक्यावर ओला पंचा ठेवून पूर्ण समाधानी. मॅडम त्यांचा फॉर्म घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसली. मी चहा द्यायला गेले होते. हे असं का लिहिलं, तिने विचारलं. झुलालभाऊंनी डोक्यावरचा पंचा काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "ताई, आजलगून माले कोनी इचारं नही. पहिल्यांदा कोनी इचारस, त्याले वाईट कसं लिखी देऊ?"

मॅडम हसली नाही.

मग साहेब मीटिंगला बाहेरगावी गेलेले पाहून तिने फॉर्म पुन्हा भरून घेतले. नाव लिहायचं नाही, घडी करून गणपतीच्या वर्गणीच्या डब्यात टाकायचा. एकोणतीस जणांनी त्रास होतो असं लिहिलं. मी तर पाठपोट लिहिलं. चहाच्या खोलीचं कोणी लिहिलं हे साहेबांनी ओळखलं, आणि दोन दिवस ते माझ्या हातचा चहा प्यायले नाहीत. पण त्यानंतर गच्चीला पांढरा रंग लागला, चहाच्या खोलीची भिंत फोडून खिडकी काढली, झुलालभाऊंचं टेबल खाली उत्तरेच्या खिडकीशी आलं. पाटी लागेल, पण एक तारा कमी.

हे सगळं घरी येऊन सांगावं, तर तू नव्हतीस. एकटी जेवायला बसले की तुझा इथला पहिला उन्हाळा आठवायचा. शिवलेले ब्लाऊज घेऊन तू वरून जिना उतरलीस, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं, आणि मी कूलरपुढे बसल्या बसल्या विचारलं, वर फार उकडत नाही ना गं? नाही आई, बरं आहे, म्हणालीस. तीन उन्हाळे मी असंच विचारत आले. दीपक दीपनगरच्या वीज केंद्रातली शिफ्ट करून आला की खाली माझ्या कूलरपुढे आडवा होतो. तो मुलगा, त्याला कुठेही झोपता येतं. सुनेने दुपारी खाली, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर अंग टाकायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं नाही, आणि सांगावंही लागलं नाही.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तुमचं लग्न झालं तेव्हा वरची खोली मी सोडली, नव्या जोडप्याला स्वतंत्र खोली हवी म्हणून. गल्लीत माझं कौतुक झालं, तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चारू, मला त्या पत्र्याखालून सुटायचं होतं. चौदा उन्हाळे मी तिथे काढले आहेत. ती खोली किती तापते हे मला पक्कं ठाऊक होतं, तुझी पेटी वर चढवत होते तेव्हाही ठाऊक होतं. याची मला फार लाज वाटते.

रूपा मॅडमकडून एक यंत्र मागून आणलं आणि तुझ्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला लावलं. आठ दिवस झाले, मी वरच राहते आहे. आज साडेतीनला त्रेचाळीस. दीपकलाही आकडा दाखवला आहे. सोबत एक कागद आहे, तो मी माझ्या हाताने आखला आहे. आपल्या घराबद्दल चार प्रश्न आहेत: उकडतं का, उजेड पुरतो का, मनातलं बोलता येतं का, आणि परत यावंसं वाटतं का. नाव लिहू नकोस. मला सून एकच आहे हे खरं, पण नियम तो नियम. तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे, त्यावर पत्ता ऑफिसचा घातला आहे, म्हणजे दीपकच्या हाती पडणार नाही. यायचं नाही असं लिहिलंस, तर तेही मी नीट वाचेन आणि दीपकला माझ्या तोंडाने सांगेन. त्यासाठी चौथ्या प्रश्नाखाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. 'पूर्ण समाधानी' हा रकाना मी आखलेलाच नाही.

वरच्या खोलीतून,
तुझीच सासू,
पुष्पा