धाकटीचा इंग्रजीचा पेपर

सर, मग इंग्रज लोक उलटं चालतात का, एवढंच तर मी विचारलं होतं. त्यात वर्गाबाहेर काढण्यासारखं काय होतं? तुम्हीच टेबलावर खडूची पेटी ठेवून सांगत होता, की आपल्यात शेपूट शब्दाच्या मागं असतं, पेटीत, टेबलावर. त्यांच्यात ते सुटं होऊन पुढं येतं, इन, ऑन, ॲट. पोरं हसली आणि तुम्ही मला म्हणालात, "जा तू विट्याच्या लोकांबरोबर सोनं गाळायला. तितं कुनी व्याकरन इचारत न्हाई." मी रागानं खरंच गेलो. जायच्या आधी दोन दिवस वाट बघितली, तुम्ही बोलवायला याल म्हणून. पुढच्या जत्रेला गावी आलो तर तुम्हीच या जगात राहिला नव्हता. त्याला आता सात वर्षं झाली.

तुमचं खरं निघालं. इथं तामिळ मुलखात विट्याच्याच लोकांच्या दुकानात मी सोनं गाळायच्या भट्टीपाशी बसतो. गिऱ्हाईक दागिना पुढं करतं, मी म्हणतो, गोल्ड मेल्ट, टुमारो कम. बारकं शब्द मी गाळूनच टाकतो, कुणाचं काही अडत नाही. पण धाकटीचं अडलंय. मॅट्रिकला ती फक्त इंग्रजीत गेली. आबा म्हणतात, अजून एकदा बस, न्हाई निघालीस तर यंदा लगीन लावून उजवून टाकू. तिला मास्तरीण व्हायचंय. तिचं कार्ड आलंय, "दादा, इन कुटं, ऑन कुटं, ॲट कुटं, तेवढं सोपं करून लिव. तुला तर येतंय."

मला कुठलं येतंय, सर? मागच्या जत्रेत कडक इस्त्रीची पँट घालून मीच सगळ्यांना सांगितलं होतं, की दिवसभर शेठ लोकांशी इंग्रजीत बोलतो. ती माझ्याकडं लय कौतुकानं बघत होती. आता रोज दुपारी कागद घेतो, पेटी काढतो, टेबल काढतो, आणि पुढं हात चालत नाही. तुम्ही असता तर पाया पडून तिला तुमच्या दारात पाठवली असती. तुमच्या जागेवर आलेले सर म्हणे नुसतं पाठ करा म्हणतात.

मला येत नाही, हे तिला कळवायचं धाडस झालं नाही. तुम्हाला लिहितोय कारण हे कुठं जाणार नाही. तिला एवढंच लिहिलं, की मला कामातून सवड नाही, विट्यात शिकवणी लाव आणि फॉर्म भर. त्यासाठी तिला चाळीस रुपये पाठवतोय.