वजाबाकीतून उरलेली खटखट

चि. भाचीबाई,

मामाचे आशीर्वाद. प्रकृती कशी आहे? आमची उत्तम आहे, मानहानी सोडली तर. कृष्णविवरांच्या टकरी ऐकण्याच्या तुझ्या नोकरीत जेवायला सवड मिळते का, असं तुझी मामी विचारते. (ती विवरं आदळून युगं लोटली, पोरीनं शांतपणे डबा खाल्ला तर त्यांचं काय बिघडणार, हेही तिचंच.)

तू पाठवलेल्या दोन्ही फायली मिळाल्या. एकीत खऱ्या टकरीची लहर, आवाजाच्या रूपात. दुसरीत तुमच्या शंभर वर्षं जुन्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानं वर्तवलेली लहर. पहिलीतून दुसरी वजा करायची. नुसती खरखर उरली तर सिद्धांत पास. ठरावीक चालीचं काही उरलं तर नापास. हे मला एका दमात कळलं याचं तुला फोनवर आश्चर्य वाटलेलं जाणवलं. असू दे. मी विद्यापीठाची पायरी एकदाच चढलो (त्यांचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला), पण वजाबाकी मला येते. तुम्ही ती संगणकाकडून करून घेता. मी दोन स्पीकर समोरासमोर ठेवले, एकाच्या तारा उलट जोडल्या, म्हणजे याच्या धक्क्याला त्याची ओढ गिळते, मधोमध माइक टांगला आणि माइकचा आवाज हेडफोनमध्ये घेतला. एवढ्याशा कामाला तुमच्या संस्थेला इतक्या खोल्या कशाला लागतात, देव जाणे.

खोलीवरून आठवलं. हे सगळं जिथं मांडलंय ती माझ्या दुरुस्तीच्या सामानाची मागची खोली मामीला शिवणयंत्रासाठी हवी आहे. सध्या ती बिचारी दाराबाहेरच्या बोळात शिवते. मी जाहीर केलं: सिद्धांत खोटा ठरला तर खोली माझी, खरा ठरला तर तिची. ती लगेच "बरं" म्हणाली. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी वजाबाकीतून काय उरावं? खट-खट-खट-खट, जरा शांतता, पुन्हा खट-खट. प्रतिध्वनी! कृष्णविवराच्या काठावरून परतलेला! तुमच्या सिद्धांताप्रमाणे त्या काठावरून काहीच परतत नाही, हे तूच सांगितलंस. मग रोज संध्याकाळी तेच. चहाच्या वेळी मात्र प्रतिध्वनी थांबे. एखाद्या पदवीधरानं यावरून घाईघाईनं काहीतरी निष्कर्ष काढला असता. मी काढला नाही.

रविवारी शेजारचे निवृत्त हेडमास्तर आणि वरच्या मजल्यावरचे वकील (ज्यांना आम्ही शंकासुर म्हणतो) यांना बोलावलं. हेडफोन चढवले, कळ दाबली. नुसती खरखर. तारा तपासल्या, माइक फुंकला. खरखरच. म्हणजे सिद्धांत पास! शंकासुरांनी हातवाऱ्यांनी काहीतरी विचारलं, म्हणून एक कान मोकळा केला. "काय हो, कृष्णविवराला रविवारची सुट्टी का?" मी घाम पुसतो तोच, खट-खट-खट! "आलं!" मी ओरडलो आणि हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले.

खटखट चालूच होती. हेडफोनशिवाय.

दोघांच्या माना दाराकडे वळल्या. बोळात तुझी मामी शंकासुरांच्याच पँटची दुमड शिवत होती. पाहुण्यांना त्रास नको म्हणून यंत्र बंद ठेवलं होतं म्हणे, पण गिऱ्हाईक आयतं घरी आलंय तर जाताना घेऊन जाईल. आम्हाला बघून तिनं पाय उचलला. "थांबवू का? की विश्व कोसळेल?"

हेडमास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तेही मीच आणलं.

तुझा,
पदवीवाचून कुठेही न अडलेला,
मामा

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. मामीला फोन करून एवढंच सांग, की एका टकरीवरून सिद्धांत खरा ठरत नाही. तुम्ही टकरीमागून टकरी ऐकून तो अजून तपासताच आहात. हे खरंच असल्यामुळे तुझ्या मनाला टोचणार नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत खोली माझ्याकडे राहावी.

ता.क. २. मामीनं वरचं वाचलं. टेप घेऊन मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन आली. पडद्यासाठी. वर म्हणाली, माझं यंत्रही आईच्या वेळचं आहे, तेही अजून कुठल्या परीक्षेत चुकलेलं नाही.

ता.क. ३. स्पीकर आता स्वयंपाकघरात आहेत. काल वजाबाकीतून पुन्हा काहीतरी उरलं, बारीक घुमघुम. या वेळी शंकेला जागाच नाही. दुपारपासून मी फ्रिजसुद्धा बंद ठेवला होता. दुधाचं काय झालं ते मामीला अजून कळायचंय. तेव्हा फोन परवा कर.